रिव्हर्सची धून

परदेशात कार्यक्रम झाला की लोक हमखास विचारतात, पियानोशी तुमची पहिली ओळख कुठे झाली? आता काय सांगू, कप्पाळ! ढाणकीच्या एका बोळात, मेटॅडोरच्या ढुंगणाशी झाली. मी खरं तेच सांगते, आणि सांगताना मलाच हसू आवरत नाही.

माझे बाबा बँड पार्टीत कॅसिओ वाजवायचे. ते दिवस कापसानं दगा देण्याचे होते. आमच्याकडे लग्नं पंचांगापेक्षा कापसावर जास्त ठरायची. भाव बरा लागला की वराती निघायच्या आणि आमच्या पार्टीला श्वास घ्यायला फुरसत नसायची. आता एकामागून एक हंगाम वाया जायला लागले, नवरदेव बिनवाजंत्रीचेच मांडवात येऊन बसायला लागले. पार्टीतले निम्मे गडी यवतमाळजवळ लोहाऱ्याला कारखान्यांत लागले. आणि म्हणून तर बाबांच्या जोडीला माझा नंबर लागला! घरची सगळी माणसं काळजीत, आणि मी मात्र बँडचा लाल कोट फ्रॉकवर चढवून हवेत. कोट गुडघ्यापर्यंत यायचा. मला वाटायचं, नवरदेवापेक्षा मीच भारी दिसते.

मेटॅडोरवर जनरेटर, भोंगे आणि आम्ही दोघं बापलेक, उभ्यानं वाजवणार. बँडवाला वाजवताना बसत नाही. तो बसला की नाचणाऱ्यांना वाटतं कार्यक्रम आटोपला. बोळ अरुंद असला की गाडी मागे घ्यावी लागे, आणि रिव्हर्स पडला की गाडीतून टिंगटिंग एक धून वाजायची. मागे कोणीतरी हात हलवत ओरडायचं, ‘येऊ दे, येऊ दे, येऊ दे… बस!’ मला ती धून इतकी आवडली की मी ती कॅसिओवर बसवली आणि भर वरातीत वाजवून टाकली. नाचणारे पटापट बाजूला सरकले. घोडीसुद्धा सरकली. बाबा हसून हसून बेजार.

त्या वरातीत नागपूरच्या एक मॅडम होत्या, नवरीकडच्या. त्या पियानो शिकवायच्या. गाडीजवळ येऊन त्यांनी विचारलं, हे काय वाजवलंस? मी म्हटलं, रिव्हर्स. त्या तिथेच कमरेवर हात ठेवून हसायला लागल्या. मग म्हणाल्या, हे फार मोठ्या माणसानं पियानोसाठी रचलेलं आहे आणि ही नुसती सुरुवात आहे.

“याच्या पुढं हाय?” मी विचारलं.

माझा विश्वासच बसेना. आमच्या दुनियेत याच्या पुढं गाडी थांबते. मॅडमनी घरी गेल्यावर कॅसेट पाठवली, आणि अगं बाई, खरंच पुढं होतं! कितीतरी होतं! मी येडीपिशी झाले. कॅसिओच्या पट्ट्या दोन्हीकडून संपायच्या, तर उरलेले सूर मी टेबलाच्या लाकडावर वाजवायची आणि तोंडानं म्हणायची. आई म्हणे, हिला बाहेरचं काही लागलं का पाहा.

मॅडम एका मुलीला घरी ठेवून, काही न घेता शिकवणार होत्या. ती मुलगी निवडायला त्यांनी दिवाळीच्या सुट्टीत मला नागपूरला वाजवून दाखवायला बोलावलं. बाबांनी एसटीत मला सरळच सांगितलं, पार्टी आता फार तर एक हंगाम चालेल. पुढं कॅसिओही राहणार नाही. म्हणजे आज जमलं तरच माझे हात सुरांवर राहणार होते. मी बाबांचा हात घट्ट धरला, पण खिडकीतून वारा लागला की पुन्हा गुदगुल्या व्हायच्या.

पियानो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी आधी त्याचं बटण शोधलं. खोलीत मॅडम आणि आणखी दोन वयस्क शिक्षक. बाबा बाहेर वऱ्हांड्यात. मी स्टूल पायानं मागे सारलं, उभी राहिले आणि सुरू केलं. असा आवाज! लाकडातून थेट माझ्या पोटात शिरला. रिव्हर्सचा तुकडा जेमतेम संपला असेल, तोच मॅडम म्हणाल्या, “बस.”

माझे हात जागच्या जागी थांबले. बस म्हणजे बस. सगळ्यांना नमस्कार करून मी बाहेर आले आणि बाबांच्या शर्टात तोंड घालून रडायला लागले. इतकं रडू मला आधी कधी आलं नव्हतं.

“काहून आली?”

“बस म्हणे.”

बाबा तडक आत गेले. पुढचं मी दारातून ऐकलं. बाबा म्हणत होते, मॅडम, पोरीनं चार महिने टेबल बडवलं, अजून पुढचं बाकी हाय, आणि तुमी तिले एवढ्यातच बस म्हणता? मग मॅडम म्हणाल्या, “अहो, मी तिला बसून वाजव म्हणत होते.”

तिन्ही परीक्षक पोट धरून हसत होते. बाबांनी स्वतः स्टूल पुढे ओढलं. मी बसले, आणि बसल्यावर काहीच सुचेना. जन्मात बसून वाजवलं नव्हतं. तो तुकडा वाजवला आणि तिथेच अडकले. मान वळवली तर बाबा भिंतीला टेकून उभे. त्यांनी हात वर केला, गाडी मागे घेताना करतात तसा, आणि हळूच म्हणाले, “येऊ दे, येऊ दे.”

आणि आलं. पुढचं सगळं आलं.

परवा यवतमाळला पहिल्यांदा माझा कार्यक्रम झाला. पियानो नागपूरहून ट्रकमधून आणला होता. शेवटी मी तीच धून सुरू केली, आणि मागच्या रांगांमधली आमची ढाणकीची मंडळी हसत हसत खुर्च्या बाजूला सरकवू लागली! मलाही हसू फुटलं, पण हात चालूच ठेवले. संपल्यावर टाळ्यांत मी बाबांकडे पाहिलं. सगळा कार्यक्रम त्यांनी भिंतीपाशी उभ्यानं ऐकला होता, खुर्ची देऊनही बसले नव्हते. वय झालंय, म्हटलं आता थकले असतील, बस म्हणतील.

त्यांनी हात वर केला आणि गाडी मागे घेताना हलवतात तसा हलवत राहिले. मी पुन्हा स्टूलवर बसले.