आटे म्हणजे चुडी

जानेवारीत ताई पहिल्यांदाच माझं भोपाळचं क्वार्टर बघायला आली, ती तुरीच्या शेंगांचं भलंमोठं बोचकं घेऊनच. आसामहून निघून आधी ती विदर्भातल्या आमच्या गावी राहिली होती आणि परतीच्या वाटेवर माझ्याकडे आठवडाभर उतरली होती. तिने दोन्ही खोल्या बघितल्या, नळ सोडून पाहिला, गॅलरीतून खाली डोकावली आणि म्हणाली, "सरकारनं बरं घर देल्लं तुले. आता माह्यं एक काम कर."

काम सोल्यांचं होतं. ओल्या तुरीच्या दाण्यांना आम्ही सोले म्हणतो. भाऊजी तिकडे आसामात चहाच्या कारखान्यात फिटर आहेत. तिथल्या बाजारात मासे मिळतात, बांबूचे कोंब मिळतात, सोले मात्र तिला आजवर दिसलेले नाहीत. मागच्या खेपेला तिने गावाहून डबा भरून नेले, तर वाटेतच त्यांना वास सुटला आणि एका मोठ्या पुलावरून तिला ते नदीत टाकावे लागले.

"तू तं बीएस्सी झाली," ताई म्हणाली. "सोले टिकवाचं काहीच शिकवलं नाही काय तुमच्या कॉलेजात?"

ती हसत म्हणाली, पण मी हसण्यावारी नेलं नाही. ताईने सातवीनंतर शाळा सोडली आणि पुढे मी तिचंच दप्तर घेऊन हायस्कूलला गेले. आमच्या घरातली पहिली पदवी माझी. त्या पदवीत ताईचा वाटा किती, हे ती कधी बोलत नाही. इतक्या वर्षांत तिने माझ्याकडे काहीही मागितलं नव्हतं. आता मागितलं ते सोले, आणि रविवारी संध्याकाळी तिची गाडी होती.

सोले गोठवून ठेवता येतात, पण फ्रीज काही गाडीत नेता येत नाही. मी खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे गेले. काकू मूळच्या पुण्याच्या. फळं-भाज्या टिकवण्याचं शिक्षण देणाऱ्या एका केंद्रात शिकवून निवृत्त झालेल्या. माझं म्हणणं ऐकताच त्यांनी माळ्याकडे बोट केलं. "स्टूल घे. जुन्या पातळांच्या गाठोड्यामागे आहे. जपून, माझ्यापेक्षा वयानं मोठा आहे तो."

तो म्हणजे कॅनर. कुकरचा आजोबाच म्हणा ना. जाड ॲल्युमिनियमचं उंच भांडं, झाकणावर दाब दाखवणारं घड्याळासारखं मीटर आणि झाकण आवळायला कडेने पंखांचे नट-बोल्ट. केंद्र बंद झालं तेव्हा काकूंनी तो बरण्यांसकट घरी आणला होता. काचेच्या बरण्या भरून त्यात ठेवायच्या आणि वाफेच्या दाबाखाली शिजवायच्या. मग बरणीचं झाकण आपोआप आत ओढलं जातं, आणि आतली भाजी महिनोन्‌महिने टिकते.

"पण एवढं धूड ताई गाडीत नेणार कसं?" मी विचारलं.

"तो नाही, बरण्या न्यायच्यात तुझ्या ताईला," काकू म्हणाल्या आणि चष्मा लावून तपासायला बसल्या. झाकणाचं रबर वाळून पापडासारखं तुटलं. मीटरचा काटा एकाच जागी रुसून बसला होता. एका बोल्टवर नट नुसताच गरगर फिरत होता, आवळलाच जात नव्हता. "आटे गेलेत याचे," काकू म्हणाल्या. "हे तिन्ही आणलंस तर करू. आंबट नसलेल्या दाण्यांना दाब पुरता लागतो. काटा हलल्याशिवाय मी गॅस पेटवू देणार नाही. सांगून ठेवते."

ताईने लगेच शेंगा सोलायला घेतल्या. जणू सामान मिळालंच होतं.

मीटर सोपं निघालं. माझं ऑफिस महाराणा प्रताप नगरात आहे. तिथे हवेच्या मशिनींची मीटरं विकणारं एक दुकान होतं, त्याने जुनं बघून त्याच मापाचं नवं काढून दिलं. रबराने जरा फिरवलं. कुकरच्या दुकानात सगळे डोकं हलवायचे. शेवटी एकाने विचारलं, "शादी-ब्याह वाले बड़े कुकर का चलेगा?" त्याने आचाऱ्यांच्या कुकरची रबरं काढली, आणि त्यातलं एक झाकणाच्या खाचेत असं बसलं, की काकूंनी त्यावरून कौतुकाने बोट फिरवलं.

राहिला बोल्ट. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर मी अशोका गार्डनमध्ये नट-बोल्टच्या एका दुकानात गेले. आमच्या घरी मराठी, ऑफिसात हिंदी, आणि मला वाटतं, दोन्ही मला चांगल्या येतात. बोल्ट काउंटरवर ठेवला आणि ठसक्यात म्हटलं, "भैया, इसके आटे घिस गए हैं."

दुकानदाराने बोल्टकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मैडम, आटा घिसता नहीं, पिसता है. चक्की उधर है, पानवाले के बाजू में."

"अरे नहीं, इसका आटा! ये जो गोल-गोल रहता है."

"गोल-गोल तो रोटी रहती है."

शेजारी उभं असलेलं गिऱ्हाईक तोंड फिरवून हसायला लागलं. माझे कान तापले. मी बोल्ट उचलून त्याच्या नाकासमोर धरला आणि त्यावरच्या रेषांवरून नख ओढलं. कर्र आवाज झाला. तेव्हा कुठे त्याच्या चेहऱ्यावर उजेड पडला. "अच्छा, चूड़ी! चूड़ी बोलिए ना. चूड़ी घिस गई है इसकी."

बोल्टला बांगड्या. मी पुन्हा नीट बघितलं. एकाला एक लागून चढत गेलेल्या त्या गोल रेषा खरंच मनगटभर भरलेल्या बांगड्यांसारख्या होत्या. आयुष्यभर त्यांना आटे म्हणत आले आणि ते आटे कशासारखे दिसतात, हा विचार मनात आलाच नव्हता.

त्याच्याकडच्या एकाही बोल्टची चुडी माझ्या बोल्टशी जुळेना. "ये पुरानी इंची चूड़ी है," तो म्हणाला. "अब सब मिलीमीटर में आता है. पीछे खराद वाले के पास जाओ, बना देगा."

मागच्या गल्लीत लेथवर एक पोक्त मिस्त्री काम करत होते. आता मी तयारीत होते. "चाचा, इंची चूड़ी बनवानी है," असं मी जन्मजात भोपाळी असल्यासारखं म्हणाले. त्यांनी बोल्ट उलटसुलट करून पाहिला. "किस चीज का है?"

मी कॅनर समजावून सांगितला. जाड भांडं, आवळलेलं झाकण, आत दाब, वर काटा.

"मोहतरमा, ये तो आप बम बता रही हैं."

"तुअर के दाने पकाने हैं, चाचा. बहन आसाम ले जाएगी."

"दाने!" ते हसून म्हणाले. "ठीक है. कल सुबह नट भी लाना. चूड़ी अकेली नहीं बनती, जोड़ीदार के साथ बनती है."

शनिवारी सकाळी मी नट घेऊन गेले. मशीन फिरलं, लोखंडाच्या चकाकत्या कुरळ्या चिपा खाली पडत गेल्या. मिस्त्रींनी नव्या बोल्टवर नट चढवला. तो सरसर शेवटपर्यंत गेला आणि तिथे घट्ट बसला. मला इतका आनंद झाला, की गल्लीतूनच ताईला फोन लावला.

"ताई, चुडी झाली!"

पलीकडे शेंगा सोलण्याचा आवाज थांबला. "चुडी? काऊन वं? माह्या हातात हाये ना. उगाच कायले खर्च केला? काचेची हाये काय?"

"लोखंडाची!"

"लोखंडाची?" ताई सावकाश म्हणाली, "तुले पायजे तं तूच घाल बाई. मी सासरी काय सांगू?"

मी हसत सुटले ते थांबेचना. मिस्त्रींनी काय झालं म्हणून विचारलं. त्यांना सांगितलं तर त्यांनी मशीन बंद केलं, आधी स्वतः हसून घेतलं, मग शेजारच्या दुकानदाराला हाक मारून त्यालाही ऐकवलं.

दुपारी काकूंच्या स्वयंपाकघरात आम्ही तिघी कॅनरभोवती उभ्या होतो. बरण्यांत सोले, वर मिठाचं उकळतं पाणी, नवी झाकणं. नट आवळायचा मान ताईला दिला. समोरासमोरचे दोन-दोन नट, थोडे थोडे, काकू सांगतील तसे. नव्या बोल्टपाशी ती थांबली. "ही तुही चुडी काय?" आणि असा जोर लावून आवळला, की काकू म्हणाल्या, "अगं, पुरे! उघडायचाय तो पुन्हा."

आधी बराच वेळ वाफ जाऊ दिली. मग काकूंनी तोटी बंद केली. आम्ही काट्याकडे बघत राहिलो. काटा किंचित थरथरला आणि चढायला लागला. झाकणाच्या कडेने वाफेचा एक धागाही सुटला नाही. "चढला!" ताई ओरडली आणि तिने माझा दंड एवढ्या जोरात धरला, की तिच्या बांगड्या माझ्या हातात रुतल्या. काकू मात्र परीक्षा घेतल्यासारख्या गंभीर चेहऱ्याने गॅसची ज्योत कमी-जास्त करत होत्या.

काम झाल्यावर काटा आपणहून शून्यावर येईपर्यंत त्यांनी आम्हाला हात लावू दिला नाही. बरण्या बाहेर आल्या, पंच्यावर मांडल्या, आणि थोड्या वेळाने आवाज आला. टक्. एक झाकण आत ओढलं गेलं. मग दुसरं. ताई प्रत्येक आवाजाला मान डोलवत होती. एका बरणीचं झाकण काही केल्या बसलं नाही. ती बरणी आम्ही तेव्हाच वांग्यात घातली, आणि पुण्याच्या काकूंनी वऱ्हाडी सोलेवांगं नाक पुसत पुसत दोनदा वाढून घेतलं.

रविवारी बाकीच्या बरण्या स्वेटरांत गुंडाळून ताईच्या पेटीत गेल्या. डब्यात बसल्याबरोबर तिने पेटी पायांमध्ये घेतली, आणि गाडी सुटेपर्यंत एक हात तिच्यावरच होता.

पुढे काही दिवस मी फोनची वाट बघत होते. शेवटी तो आला, नेमका ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत.

"एकही फुटली नाही," ताई म्हणाली. "आज पहिली खोलाले घेतली. पण झाकण निघता निघत नाही वं. लई घट्ट हायेत याचे आटे."

"चुडी म्हण, ताई."

ती हसली. तिने फोन खांदा आणि कानामध्ये धरला असावा, कारण तिच्या बांगड्यांची किणकिण अगदी जवळून ऐकू येत होती. मग टप्प आवाज झाला, आणि ती कुणाला तरी हाक मारून म्हणाली, "या ना, वास घ्या पहिले!"