लोखंडी पट्ट्याचं जहाज

माझ्या हातची गाठ सुटत नाही, असं आमच्या चाळीत म्हणायचे. लोणच्याच्या बरणीचं फडकं असो की गावाला धाडायचं बोचकं, बांधायला मलाच हाक. मला त्याचा मेला केवढा अभिमान! गाठी मला बाबांनी शिकवल्या. ते परळच्या गिरणीत फिटर होते, पण त्याआधी, पहिल्या महायुद्धात, सैनिक नेणाऱ्या बोटीवर खलाशी होते. आई लवकर गेली. घरात बाबा, माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा दादा आणि मी.

बाबांकडे गोष्ट एकच होती. त्यांची बोट आठ दिवस फ्रान्सच्या तुलाँ बंदरात अडकून पडली. शेजारच्या धक्क्याला एक म्हातारं फ्रेंच लढाऊ जहाज बांधलेलं होतं, मोडीत निघालेलं. मागच्या शतकातलं, चिलखती. नाक पुढे काढलेलं आणि पाण्याखाली गेलेलं, शत्रूच्या बोटीला ढुशी मारायला. कुशी वर जाता जाता आत झुकलेल्या. आणि कमरेला, पाण्याच्या रेषेवर, लोखंडाचा पट्टा. एका फ्रेंच सुताराने खुणा करून बाबांना आत नेलं आणि तो पट्टा कापलेल्या जागी दाखवला. हातभर जाड लोखंड, आणि त्याच्या पाठीशी लाकूड. बाबांनी वास घेतला. सागवान! आपल्याकडचं सागवान तिथे फ्रेंचांच्या लोखंडाला टेकू देत उभं होतं. नुसतं लोखंड गोळ्याने तडकतं, लाकूड मार पोटात घेतं, हे त्या सुताराने त्यांना हातवारे करून समजावलं. ही गोष्ट आम्ही इतक्यांदा ऐकली होती की सागवान म्हटलं की दादा मुद्दाम नाक वर करून हुंगायचा.

बाबांनी त्या जहाजाची हातभर लांब नक्कल केली होती. सागवानाची, आणि कमरेला खऱ्या लोखंडाच्या पट्ट्या ठोकलेली. दिवाळीत चाळीतली मुलं मातीचा किल्ला करत. आमची निम्मी चाळ मालवणकडची, त्यामुळे आमचा किल्ला दरवर्षी सिंधुदुर्गच, पत्र्याच्या पसरट टाक्यात, चारी बाजूंनी पाणी. आणि महाराजांच्या किल्ल्यापुढे बाबा आपलं फ्रेंच जहाज सोडणार! दादा म्हणायचा, महाराज कपाळाला हात लावत असतील. पहिल्या वर्षी ते सोडल्या सोडल्या कुशीवर कललं आणि उलटंच झालं. सगळी चाळ हसली. बाबा नाही हसले. लोखंड अंमळ जास्त झालं, एवढंच म्हणाले आणि तळाला शिसं ओतून बसवलं. मग ते तरंगलं. पण जहाज पालथं होताना आलेला पाण्याचा तो बुडबुड आवाज माझ्या कानातून काही गेला नाही.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली, त्या वर्षी दिवाळीनंतर आठवडाभरातच फाउंटनला गोळ्या चालल्या. दादा तिथे होता. धडधाकट घरी आला, जेवला, आणि दुसऱ्या दिवशी परत सभेला गेला. बाबांनी त्याला अडवलं नाही. मुंबई आपलीच, असं तेही म्हणत होते. पण त्या दिवसापासून त्यांच्या तोंडची चव गेली. पंधरा-वीस दिवस ते गिरणीतून येताना काहीबाही पिशवीतून आणत राहिले. मग एका रविवारी त्यांनी दादाचा जेवायचा पाट घेतला आणि करवतीने उभा कापला. भाऊबीजेला याच पाटावर बसवून मी त्याला ओवाळलं होतं. मी ओरडले, तर म्हणाले, सागवान लागतं गो.

दोन पत्रे केले होते त्यांनी, एक छातीला, एक पाठीला. पत्रे कसले, चांगल्या जाड पाट्याच होत्या लोखंडाच्या. आतून पाटाच्या फळ्या बसवलेल्या. वर मी किंतानाची पिशवी शिवली आणि बंद लावले, ते पाठीमागे बांधायचे. उचलायला दोन हात लागायचे. दादा घालून उभा राहिला आणि मला हसूच फुटलं, अगदी ते फ्रेंच जहाज दिसत होता. तोही हसला. म्हणाला, हे घालून मी मोर्चात जाऊ की म्युझियममध्ये?

बाबांनी मला बाजूला घेऊन बजावलं. बंदाला सुरगाठच मार. एक टोक ओढलं की सगळं खाली पडलं पाहिजे. पळायची वेळ आली तर वजन टाकता आलं पाहिजे. बोटीवर राहिलेला माणूस तो, त्याला ठाऊक होतं.

मलाही ठाऊक होतं, माझा भाऊ काय चीज आहे ते. पहिल्या दोन वेळा तो नाक्यावर गेला, एक टोक ओढलं आणि ते धूड पानवाल्याच्या फळीखाली ठेवून मोकळा झाला. मित्र हसतात म्हणे. मला पानवाल्यानेच सांगितलं. माझं डोकं फिरलं. आम्ही इथे जीव मुठीत धरून बसायचं आणि याला लाज वाटते! बाबांना मी काही बोलले नाही. म्हटलं, थांब लेका, तुझा बंदोबस्त मीच करते.

मुंबई वेगळी काढणार अशी बातमी आली आणि सगळं गिरणगाव रस्त्यावर आलं. दादा निघाला. मी त्याच्या पाठीमागे उभी राहिले, बंद करकचून ओढले आणि पक्की गाठ मारली. एकीवर दुसरी. तो म्हणाला, "किती आवळतेस गो?"

मी म्हटलं, "गप उभा राहा."

हेच आमचं शेवटचं बोलणं.

दुपारी त्याचा मित्र जिना चढून आला. त्याच्या शर्टावर रक्त होतं, त्याचं नव्हतं. गोळीबार झाला तशी सगळी पोरं गल्लीत शिरली. गल्लीच्या टोकाला गिरणीची भिंत. पुरुषभर उंच, एरवी दादा ती हसत हसत चढायचा. बाकीचे चढले. दादाला दोघांनी वरून ओढलं, पण तो वर येईना, हात सुटला. मित्र म्हणाला, भिंतीखाली उभा राहून तो हात मागे नेऊन गाठ ओढत होता. ओढत होता, ओढत होता. गोळी मानेत लागली, पत्र्याच्या वर चार बोटं.

बाबा खाटेवर बसून ऐकत होते. मित्र गेल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"बाय, सुरगाठच मारलंस मां?"

"होय," मी म्हटलं. "सुरगाठच."

इस्पितळातून कपडे मिळाले त्यात ती पिशवीही होती. बंद कात्रीने कापलेले, गाठ तशीच शाबूत. बाबांच्या आधी मी पुढे झाले आणि ते गाठोडं मोरीत नेलं. गाठ चुलीत घातली. पत्रे तेवढे बाबांच्या हाती दिले.

त्यानंतर दिवाळीत किल्ला झाला, पण जहाज कधी बाहेर आलं नाही. मला मात्र कुठेही पाणी साचलेलं दिसलं की तो बुडबुड आवाज यायचा. अजून येतो. बादली भरताना मी नळाकडे पाठ करून उभी राहते, सून हसते.

महाराष्ट्र झाला त्या दिवशी चाळीने प्रत्येक खिडकीत पणती लावली. लोक बाबांच्या पाया पडून जात होते, हुतात्म्याचे वडील म्हणून. संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर त्यांनी फळीवरून जहाज काढलं, परातीत पाणी घेतलं, तळाचं शिसं खरवडून टाकलं आणि जहाज सोडलं. ते कललं आणि पालथं झालं.

"पयल्याच वर्षी ह्या जहाजान दाखवल्यान होतां माका," ते म्हणाले. "लोखंड जास्त झालां. तू सुरगाठ मारलंस, तुझ्यावर कसलो डाग नाय. पोराक मी बुडवलंय."

मी त्यांच्यासमोर बसले होते. तोंड उघडलं.

"बाबा, चहा टाकू?" मी विचारलं.

नको म्हणाले. त्यानंतर ते अकरा वर्षं जगले, माझ्याच घरी, रोज माझ्या हातचं जेवून.