आकारामची मऊ माती

आमच्या गावचा आकाराम वस्ताद आणि मी सातवीपर्यंत एका बाकावर शिकलो. पुढं मी शेतीत पडलो, तो तालमीत. पेठ वडगावपासून सहा किलोमीटरवरच्या आमच्या तालमीत त्यानं चाळीस वर्षं एकच काम केलं, आखाड्याची माती सांभाळली. स्वतः काही मोठा पैलवान नव्हता. जत्रेत दोनदा नारळ मिळाला, तोही कुस्ती बरोबरीत सुटली म्हणून. पण चिमूटभर माती चोळून बघितली की सांगायचा, उद्या हिला ताक लागंल. तेल, ताक, हळद, लिंबू, लाल काव, कापूर घालून खोऱ्यानं वरखाली केलेली त्याची माती लोण्यासारखी व्हायची. त्या मातीत पडलेल्याला कधी खरचटलं नाही, हा त्याचा अभिमान.

मग पोरं वडगावला जिमला जायला लागली. तालमीची मागची भिंत फुगली. आकाराम मारुतीपुढं दिवा लावायचा आणि पायरीवर नुसता बसून राहायचा.

त्याच सुमारास हायस्कूलला संयोगिता मॅडम आल्या. शाळेमागच्या पडीक जागेत टेनिसचं मैदान करायचं म्हणाल्या तेव्हा आम्ही हसलो, पण श्रमदानाला सगळं गाव आलं. सकाळी गावातल्या मोठ्या माणसांनी खेळायचं, शाळा सुटल्यावर पोरींनी, असं ठरलं. मी पण एकदा रॅकेट धरली. पहिलाच चेंडू शेजारच्या उसात. पुढं ऊसतोड झाली तेव्हा त्या फडातनं सतरा चेंडू निघाले, त्यातले निम्मे आज्जाचे, असं माझी नात तेजस्वी सांगत फिरते. खोटं आहे, माझे पाचच होते.

मैदान राखायला मॅडमनी आकारामला बोलावलं. डांबराच्या पिंपात सिमेंट भरून केलेला रोलर ओढायचा, पाणी मारायचं, चुन्याच्या रेघा आखायच्या. म्हातारा पुन्हा पाचला उठायला लागला.

आणि यंदाचं वर्ष काय सांगू तुम्हाला. आमच्या पोरी तालुक्यात पहिल्या आल्या, कोल्हापुरात जाऊन जिल्हा जिंकल्या आणि विभागाच्या अंतिम सामन्यात पोचल्या. तो सामना आमच्याच मैदानावर व्हायचा होता. शनिवारी सकाळी क्रीडा खात्याचे साहेब येऊन मैदान बघणार, पसंत पडलं तर रविवारी खेळ. पण शाळेच्या संस्थेचे चेअरमन अमरसिंहदादा यांना त्या जागेवर हॉल बांधायचा होता. त्यांनी बैठकीत सांगून टाकलं, मैदान नापास झालं तर सोमवारी जेसीबी लावणार.

त्या आठवड्यात मॅडम पोरींना घेऊन दोन दिवस सरावाला इचलकरंजीला गेल्या. इकडं आकारामच्या मनात आलं, मोठ्या कुस्तीआधी आपण मातीला जेवू घालतो, मग हिला उपाशी कशाला ठेवायची? त्यानं सगळं मैदान कुदळीनं खणलं. डेअरीतनं ताकाचे कॅन आणले, तेलाचे डबे ओतले, हळद, लिंबू, काव, कापूर, सगळं साग्रसंगीत. मी तिथंच झाडाखाली बसून त्याला जुन्या कुस्त्या सांगत होतो. लिंबं मीच पिळली, हे आता कबूल करायला हरकत नाही.

बुधवारी दुपारी मॅडम आल्या. आकारामनं हौसेनं दाखवलं. त्यांनी खिशातला चेंडू काढून टाकला. तो पडला तिथंच बसला, शेणाच्या पोवटीसारखा. त्यांनी तो उचलून पुन्हा टाकला. मग तिथंच मातीत बसल्या आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. पोरी एकमेकींकडं बघत उभ्या राहिल्या.

"मॅडम, मऊ झालीया की," आकाराम म्हणाला.

"वस्ताद, चेंडू उसळायला माती कडक लागते. आता काय करू मी?"

त्याला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तसा त्याचा चेहरा राखेसारखा झाला. बातमी अमरसिंहदादांपर्यंत पोचायला अर्धा तास पुरला. ते आले, बुटाच्या टोकानं माती उकरली आणि म्हणाले, "वस्ताद, कुस्ती लावताय काय पोरींची?" बरोबरची माणसं हसली. त्या दिवशी तो जेवला नाही.

गुरुवारी उजाडताना बघतो तर गडी एकटाच मैदानातली तेलकट माती चार बोटं खरवडून काढतोय. मी म्हटलं, आकारामा, हे दोन दिवसांत एका माणसाचं काम न्हवं. तो म्हणाला, "मग बसून काय बघतोस? लिंबं तूच पिळलीस न्हवं?" मी खोरं घेतलं. दुपारपर्यंत पन्नास माणसं झाली.

मॅडमनी फोनवर विचारून घेतलं. खाली कोरडा मुरूम दाबायचा आणि वर विटांच्या चुऱ्याचा पातळ थर द्यायचा. मुरूम मिळाला. वीटभट्टीवरनं तुकडे आणले, रस्त्यावर पसरून त्यावरनं दिवसभर ट्रॅक्टर फिरवला, चुरा चाळला. पण शुक्रवारी दुपारी उसाच्या बाजूचा कोपरा उघडाच राहिला. भट्टीवर तुकडा शिल्लक नव्हता. मॅडम चाळणीकडं बघत बसल्या.

आकाराम उठला आणि तालमीकडं निघाला. मागोमाग मी. त्यानं चपला काढल्या, आखाड्यातली चिमूटभर माती कपाळाला लावली आणि फुगलेल्या मागच्या विटांच्या भिंतीवर पहार घातली. मी हात धरला. तो म्हणाला, "सोड. तिच्याखाली आता कोण खेळत न्हाय." चाळीस वर्षांची भिंत सूर्य मावळायच्या आत चुरा होऊन त्या कोपऱ्यात पसरली. मारुतीची पुढची भिंत तेवढी ठेवली.

शनिवारी साहेब आले. आकाराम काही येईना. तालमीत आखाड्याच्या काठावर बसला होता, तिथनं मैदान दिसत नाही. मी त्याच्याजवळ बसलो. टप्प असा चेंडू टाकल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं दुसरा. साहेब उसाच्या कोपऱ्याकडं गेले असावेत, कारण मधे बराच वेळ गेला. आकारामनं माझं मनगट असं धरलं की दुसऱ्या दिवशीही दुखत होतं. मग पुन्हा टप्प, आणि पाठोपाठ "पास, पास" असा पोरींचा कालवा.

रविवारी शेवटचा दुहेरीचा सामना तेजस्वी आणि तिची जोडीदार श्रुती यांचा होता. दोघींनी तो काढला. गावातनं पहिल्यांदाच हायस्कूलचा संघ राज्याला निघाला. हॉलचं नाव अमरसिंहदादांनी पुन्हा काढलं नाही, उलट पेढे त्यांनीच वाटले.

पण शेवटच्या गुणाला तेजस्वी उसाच्या कोपऱ्यात घसरली होती. गुडघा सोलून निघाला. सगळे नाचत होते आणि आकाराम तिच्यापुढं उकिडवा बसून त्या गुडघ्याकडं बघत होता. म्हणाला, "चाळीस वर्षांत माझ्या मातीत कुणाला लागलं न्हवतं गं पोरी."

"लागू दे की वस्ताद आज्जा. चेंडू उसळतोय न्हवं?"

त्यानं खिशात हात घातला. मातीला घातलेल्या हळदीची पुडी अजून तिथंच होती. उरली होती तेवढी सगळी तिच्या गुडघ्यावर दाबली.