सुमन, पाइप धर गं

मित्रांनो, आज सकाळी माझ्या तीस वर्षं जुन्या माउंटन बाइकची तुटलेली फ्रेम जोडायला घेतली. लातूरच्या वर्कशॉपात वेल्डिंग करण्यात जन्म गेला, त्यामुळं असलं काम मी घरीच करतो.

गॅस पेटवला. पितळेची सळई वितळायला लागली आणि नेमका फ्रेमला लावलेला नवा पाइप हलला. सवयीनं ओरडलो, "सुमन, जरा पाइप धर गं!"

बायकोला जाऊन आठ महिने झालेत.

भिंतीपलीकडून शेजारची मीना म्हणाली, "काका, कुणाला बोलून राहिलात?"

"कुणाला न्हाई," म्हणलो.

गॅस बंद केला. मग पाइप व्हाइसच्या जबड्यात आवळला आणि गॅस परत पेटवून पुन्हा जोडला. जोड लई साफ आलाय. दाखवायला घरात कुणी न्हाई, म्हणून फोटो इथं टाकतोय.

एकटं असताना तुमच्याही तोंडून अशी हाक निघते का?