दांडीवर टांगलेले शॉकअप

नितीन परब गेल्याचं मला ऑफिसच्या लिफ्टमध्ये कळलं. आमच्या सायकलवाल्यांच्या ग्रुपवर दोनच शब्द होते, "नितीन गेला." खाली कुणीतरी विचारलं होतं, "कुठे?" आम्ही दर रविवारी कुठे ना कुठे जाणारी माणसं, तेव्हा त्याचं तरी काय चुकलं. मग हळूहळू हात जोडलेली चित्रं यायला लागली... माझा मजला आला, दार उघडलं, बंद झालं आणि मी उतरायचं विसरून तसाच पुन्हा खाली आलो. तेवढ्या वेळात माझ्या मनात दोन गोष्टी आल्या. पहिली, की त्याच्या आईचं आता कसं होणार. दुसरी, की माझा फोर्क त्याच्याचकडे आहे. खरं सांगायचं तर क्रम उलटा होता. मी तो आजवर सगळ्यांना, स्वतःलासुद्धा, सुलट करून सांगत आलोय.

फोर्क म्हणजे डोंगरात चालवायच्या सायकलचे पुढचे दोन पाय. पुढचं चाक धरून ठेवणारे, आणि आत हवा आणि तेल असल्यामुळे खड्ड्यात दबून पुन्हा वर येणारे. नितीनची आई त्याला शॉकअप म्हणते आणि मुंबईतले निम्मे मेकॅनिकही तेच म्हणतात. धुळीत, चिखलात फिरून आतलं तेल काळं होतं, रबरी सील कोरडे पडतात. मग फोर्क उघडायचा, जुनं तेल काढायचं, पुसायचा, सीलना ग्रीस लावायचं आणि नवं तेल घालून बंद करायचा. दुकानात दिला तर दहा फेऱ्या. नितीनकडे दिला तर एक रविवार दुपार, शिवाय जेवण.

तो दहिसरला राहायचा. जुनी चाळ पाडून तिथे टॉवर झाला, त्यात नवव्या मजल्यावर आई आणि तो, दोघंच. वडील गिरणीत होते, ते फार पूर्वी गेले. नितीन अंधेरीला एका कंपनीत खरेदी खात्यात होता. लग्न केलं नाही. का, हे आम्ही कधी विचारलं नाही, कारण आमच्यात गिअर आणि टायर सोडून फारसं काही विचारायची पद्धत नव्हती. माझी त्याची ओळख गोराईच्या लाँचवर झाली. माझी सायकल कठड्याला टेकवलेली होती. त्याने ओळखदेख नसताना हँडल दोन्ही हातांनी दाबून पाहिलं आणि म्हणाला, "आवाज येतोय रे. कधी उघडलाच नाहीस ना?" मी म्हटलं, उघडायचा असतो का? त्यावर तो इतका हसला, की लाँचवरच्या कोळणींनीही वळून पाहिलं. पुढच्या रविवारी मी फोर्क घेऊन त्याच्या घरी हजर.

त्याची कार्यशाळा म्हणजे गॅलरी. दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्याने दारातूनच बोलायचं. कपडे वाळत घालायच्या दांडीवर आमचे फोर्क टांगलेले असायचे, शेजारी त्याच्या आईच्या, म्हणजे आमच्या काकींच्या, साड्या. कुणाचा कुठला हे कळावं म्हणून प्रत्येकाला जुन्या साडीची एकेक चिंधी बांधलेली. माझी निळी. तेल मोजायला केमिस्टकडची सिरिंज, ठोकायला लाकडी हातोडा, पुसायला फाटके बनियन, आणि काळं तेल पडायला काकींची पितळी परात. त्या परातीवरून मायलेकात कायम चालायचं. "ह्या परातीत आता पीठ नाय, तेल मळता हो," काकी आम्हाला सांगायच्या, आणि तेल निघून गेल्यावर चिंचेने ती घासून पुन्हा त्यालाच द्यायच्या.

काम झालं की नितीन फोर्क सायकलला लावून आपल्यालाच हँडल दाबायला सांगायचा. स्वतः कान लावून बसायचा. "ऐक... काही ऐकू येतंय? नाही ना? मग झालं." एवढंच त्याचं सर्टिफिकेट.

पण कामाला हा माणूस भयंकर संथ. बोल्ट सैल केले, दोन ठोके मारले, खालचं तेल परातीत उतरायला लागलं, की फोर्क तसाच टेकवून ठेवायचा आणि हात धुऊन आत यायचा. मग जेवण. जेवणानंतर बडीशेप. मग काकींच्या गोष्टी. आम्ही त्याला गोगलगाय म्हणायचो. एकदा मला संध्याकाळी बायकोच्या माहेरी जायचं होतं, मी सारखा घड्याळ बघत होतो. म्हटलं, नित्या, आटप ना यार, किती वेळ ठिबकत ठेवणार आहेस? तो शांतपणे म्हणाला, "मिल्या, तेल उतरायला वेळ लागतो. घाई केलीस तर जुनं आत राहतं आणि नव्याचीही वाट लागते. बस ना. आईने तिसऱ्या केल्यात." मी बसलो. शिंपल्यातल्या त्या तिसऱ्या अप्रतिम होत्या. पण काकी गावच्या घराचं छप्पर एका वादळात कसं उडालं आणि सासऱ्यांनी कौलं वेचून आणून कशी पुन्हा बसवली ते सांगत होत्या, आणि मी ताटाखाली फोन धरून क्रिकेटचा स्कोअर बघत होतो. ती गोष्ट मी पुष्कळदा अशीच ऐकली आहे. सासऱ्यांचं नाव विचाराल तर मला सांगता यायचं नाही.

तो झोपेतच गेला. सकाळी काकी चहासाठी हाक मारत राहिल्या...

स्मशानात आम्ही सायकलवाले एका बाजूला उभे होतो. माझ्या शेजारच्याने हळूच विचारलं, "तुझा पण तिकडेच आहे ना?" मी मान हलवली. तो म्हणाला, "माझा पण." मग आम्ही दोघांनी खाली बघितलं. समोर चिता रचत होते आणि आम्ही दोन पन्नाशीला आलेले, बऱ्या घरचे पुरुष एकमेकांना हे विचारत होतो.

बाराव्याला गेलो तेव्हा फोटोला हार घातला, नमस्कार केला, आणि मान वर करताना माझी नजर गॅलरीत गेली. पडदा ओढलेला होता. कुणी ओढला होता कोण जाणे, पण मला वाटलं माझ्यासाठीच ओढलाय. त्यानंतर ग्रुपवर एक विचित्र शांतता पसरली. राईड ठरेनात, कारण निम्म्या सायकली पुढच्या चाकाशिवाय घरात उभ्या होत्या आणि ते कुणी बोलेना. मग एकेकाने आपापली वाट काढली. एक जण फळं घेऊन गेला आणि फोर्क घेऊन आला. एकाने तर ड्रायव्हरला पाठवलं. मला त्याचा फार राग आला. माझ्या रागात किती दुःख होतं आणि त्याने आधी नंबर लावला ह्याचं किती होतं, हे मी तपासलं नाही.

मी गेलो तो सहज म्हणून. हातात आंब्याची पेटी. काकी एकट्याच होत्या. "इलंस?" म्हणाल्या, आणि लगेच ताट घेतलं. हात धुवायच्या निमित्ताने मी गॅलरीत डोकावलो. दांडीवर साड्या होत्या, नितीनचा स्वतःचा फोर्क होता, माझा नव्हता. माझी निळी चिंधी कुठेच नव्हती. आता तोंडात घास असताना विचारायचं कसं? मी जेवलो, छप्पर उडाल्याची गोष्ट ऐकली आणि घरी आलो. घरी येऊन काय केलं? त्या ड्रायव्हर पाठवणाऱ्याला फोन लावला आणि माझा फोर्क तूच उचललास म्हणून त्याच्याशी भांडलो. त्याने शपथा घेतल्या. मी त्याला नको ते बोललो.

पुन्हा गेलो. ह्या वेळी काकींच्या गॅसच्या बुकिंगचं निमित्त होतं. पुन्हा जेवलो, पुन्हा विचारलं नाही. तिसऱ्या वेळी मी घरातून ठरवूनच निघालो, की आज दारातच विचारायचं, चप्पल काढायच्या आधी. दारात काकी म्हणाल्या, "ये रे झिला," आणि माझी चप्पल निघाली.

त्या दिवशी ताट वाढून झाल्यावर त्या समोर बसल्या. बराच वेळ पदराचं टोक गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुझो शॉकअप माझ्याकडेच असा. पलंगाखाली ठेवलंय."

मी वाकून पलंगाकडे पाहिलं.

"बाकीचे आपापले घेवन गेले, ते गेलेच. कोण परत इलो नाय. म्हटलं, तुझो दिलंय तर तू पण येवचंस नाय." त्यांनी मान खाली घातली. "माका लाज वाटता सांगाक. पण लपवन ठेवलंय खरा."

मी तरीही आलो असतो काकी, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. फोटोतला नितीन बघत होता. खोटं बोलायची ती जागा नव्हती. आयुष्यात मला बऱ्याच गोष्टींची लाज वाटली आहे, पण सत्तरी ओलांडलेल्या बाईला माझ्यासमोर मान खाली घालावी लागली, आणि तिने जे ताडलं होतं ते अगदी बरोबर होतं, ह्याची जी वाटली तिला तोड नाही. तिने मला माझ्यापेक्षा जास्त ओळखलं होतं, आणि तरी तीन वेळा ताट वाढलं होतं.

जेवण कसंबसं संपवून मी पलंगाखालून फोर्क काढला. जुन्या चादरीत नीट गुंडाळलेला, निळ्या चिंधीसकट. हात लावला तर माझा जुना चिखल अजून तसाच होता. ह्याच्यावर नितीनचा हात फिरायचा राहूनच गेला होता. तो काखेत मारून निघणं सोपं होतं. मी म्हटलं, "काकी, ह्याचं तेल बदलायचं राहिलंय. पुढच्या रविवारी इथेच करू का?"

"परात घासून ठेवतंय," त्या म्हणाल्या.

रविवारी गेलो. त्याच्या डब्यातली हत्यारं जिथल्या तिथे होती, सिरिंजवर त्याच्या बोटांचा काळा ठसा. इतकी वर्षं नुसता बघत बसलो होतो, पण हातांना बरंच आठवत होतं. हवा सोडली, खालचे बोल्ट सैल केले, हातोड्याने दोन ठोके दिले. काळं तेल परातीत उतरायला लागलं. आत काकी कांदा चिरत होत्या. त्यांचा कांदा चिरून व्हायच्या आत धारेचे थेंब झाले आणि थेंबही थांबले. मी फोर्क हलवून पाहिला, उपडा करून पाहिला, बनियनचा तुकडा आत घालून फिरवला. तुकडा कोरडा आला. आत काहीच उरलं नव्हतं. मी परातीकडे बघत बसून राहिलो. एवढ्याशा कामाला नितीनला दर वेळी अख्खी दुपार लागायची, आणि आम्ही त्याला गोगलगाय म्हणायचो.

"झाला काय रे?" काकींनी आतून विचारलं.

"नाही काकी," मी म्हणालो, "अजून उतरतंय."

"मगे उतरांदे. घाई खंय असा," त्या म्हणाल्या, आणि डब्यातून वाटीभर तांदूळ आणखी काढले.