थोरवे सरांनी एकदाच लावलेला झोन

थोरवे सरांची आणि माझी ओळख झाली ती मी चुकीच्या रांगेत उभा राहिल्यामुळे. पिंपळवंडीहून कॉलेजात नुकताच दाखल झालो होतो. कबड्डीच्या निवडीसाठी म्हणून मैदानावर गेलो आणि ज्या रांगेत उभा राहिलो ती बास्केटबॉलची निघाली. चूक लक्षात आल्यावर मी हळूच सटकू लागलो, तेवढ्यात सरांनी विचारले, "कुठं निघालास? पाय चांगले आहेत तुझे." माझ्या पायांकडे त्या नजरेने तोवर कोणी पाहिले नव्हते, मी थांबलो. आज मी एका कॉलेजात शारीरिक शिक्षण संचालक म्हणून काम करतो, ते त्या चुकीच्या रांगेच्या कृपेने.

सरांच्या षष्ट्यब्दीच्या ग्रंथासाठी लेख मागितला, तेव्हा समितीला वाटले असेल की हा सरांचा लाडका विद्यार्थी, चार चांगल्या ओळी लिहील. त्या लिहीनच. पण मला एक जुनी गोष्टही सांगायची आहे, आणि ती सांगण्यासाठी आधी थोडे खेळाबद्दल सांगणे भाग आहे.

बास्केटबॉलमध्ये बचाव मुख्यतः दोन तऱ्हांनी करतात. मॅन टू मॅनमध्ये प्रत्येकाने समोरच्या संघातला एक माणूस धरायचा आणि तो जाईल तिथे त्याच्यामागे जायचे. झोनमध्ये माणूस धरायचा नाही, जागा राखायची. आपल्या वाफ्यात येईल त्याला अडवायचे, तो बांध ओलांडून गेला की शेजाऱ्याने पाहायचे. सरांना झोन कधीच पटला नाही. "झोनमध्ये बास्केट पडली की पाचही जण एकमेकांकडं बघतात," असे ते म्हणत. मी माझ्या मुलांना झोन शिकवतो, आणि सर दर हंगामात एकदा येऊन, आमचा चहा पिऊन, त्याला मनसोक्त नावे ठेवून जातात.

सरांची एक पद्धत होती. सामना सुरू होण्यापूर्वी प्रत्येकाने आपापल्या माणसाला भेटून यायचे आणि त्याचे नाव, गाव व तो कोणत्या हाताचा हे सरांना सांगायचे. नुसता नंबर सांगून भागत नसे. "सात नंबर हे काय माणसाचं नाव असतं का?" असे म्हणून ते परत पाठवीत. आम्हाला याचा कंटाळा येई, कारण समोरचे खेळाडू आमच्याकडे जनगणनेला आल्यासारखे बघत.

मैदानाबाहेरही सर माणूस सोडत नसत. डोंगरातल्या एका वाडीचा आमचा खेळाडू आठवडाभर आला नाही, तेव्हा सर घोडेगावच्या आपल्या घरून एसटीने त्याच्या घरी गेले. पाहतात तर भाताची लावणी सुरू आणि घरात माणूसबळ नाही. सरांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि दोन दिवस चिखलात उभे राहून लावणी केली. तिसऱ्या दिवशी मुलाला घेऊनच ते परतले. त्यानंतर आठवडाभर त्यांना कमरेत वाकता येत नव्हते, आणि आम्ही निर्लज्जपणे हसत होतो.

आता ती गोष्ट. मी शेवटच्या वर्षाला आणि संघाचा कर्णधार होतो. आमचे कॉलेज प्रथमच अंतिम सामन्यात पोचले होते. विद्यापीठाचा संघ निवडणारी मंडळी समोर खुर्च्यांवर बसलेली. त्याच आठवड्यात माझ्या ताईला पाहायला अवसरी खुर्दची मंडळी येऊन गेली होती. मी सरावामुळे घरी नव्हतो. त्याआधी दोन स्थळे पोहे खाऊन गेली ती गेलीच. या तिसऱ्या वेळी ताईने आपण होऊन आईला सांगितले होते, "मला पसंत हाय." निरोपाची वाट पाहणे चालू होते.

पद्धतीप्रमाणे मी माझ्या माणसाला नाव-गाव विचारायला गेलो. उंच, तुडतुडीत मुलगा. तो हसून म्हणाला, "किरण. अवसरी खुर्द. तुमच्याच घरी पोहे खाल्ले की रविवारी. भिंतीवर तुमचा फोटो बघितला." म्हणजे नवरदेवाचा सख्खा धाकटा भाऊ. त्याने बोट दाखवले तिकडे, वर प्रेक्षकांत पाहिले तर माझे वडील आणि किरणचे वडील शेजारी शेजारी बसून एकाच पुड्यातले शेंगदाणे खात होते.

सरांना मी सांगितले, "किरण, अवसरी, उजव्या हाताचा." उरलेले सांगितले नाही.

सामना सुरू झाला. पहिल्याच धडकेत किरण माझ्या खांद्यावर आपटून सिमेंटवर पडला. प्रेक्षकांत दोन्ही वडील एकदम उभे राहिले. किरण गुडघा झाडून उठला, ते बसले, पण माझे अवसान तिथेच गळाले. दारात आलेल्या सोयऱ्यांच्या पोराला ढकलायचे कसे? मी हातभर अंतर ठेवून त्याच्यामागे फिरू लागलो. तो मात्र पाहुणा म्हणून खेळत नव्हता, बास्केटबॉल खेळत होता. सरांनी मला हटवून दुसऱ्याला त्याच्यावर लावले. आमचा हा गडी वेगात कमी पडला आणि थोड्याच वेळात त्याचे तीन फाउल झाले. पाच फाउल झाले की खेळाडू बाद होतो, म्हणून किरण पुन्हा माझ्याकडे आला.

मध्यंतरात सर मला नळाजवळ घेऊन गेले. "काय होतंय तुला? आजारी आहेस का?"

मी सगळे सांगितले. माझ्या डोळ्यांत पाणी आले होते, ते मी नळाखाली तोंड घालून धुऊन टाकले. सरांनी वळून त्या दोन वडिलांकडे बराच वेळ पाहिले.

"तुला बाहेर बसवलं तर निवडीतून गेलास," ते म्हणाले. "आणि आत ठेवलं तर तू त्याला धरणार नाहीस."

खरे होते.

सर संघाकडे गेले आणि म्हणाले, "झोन लावायचा. त्यांचा लांबचा नेम कच्चा आहे." सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. सरांनी बोट पाण्यात बुडवून सिमेंटवर पाच जागा काढल्या. उन्हाने पाचवी काढेपर्यंत पहिली वाळून गेली. मला त्यांनी रिंगखाली उभे केले, किरणपासून सर्वांत लांब.

झोनमध्ये लांबून नेम धरणारा मोकळा राहतो, आणि त्यांचा लांबचा नेम मुळीच कच्चा नव्हता, हे सरांनाही ठाऊक होते. कधी न शिकलेला झोन आम्ही जमेल तसा खेळलो आणि थोडक्यात हरलो. रिंगखाली मी चांगला खेळलो, निवडला गेलो, पुढची नोकरीही त्यामुळेच मिळाली. आमचे कॉलेज पुन्हा अंतिम सामन्यात पोचले नाही. प्राचार्यांनी जाब विचारला तेव्हा सर एवढेच म्हणाले, "माझा अंदाज चुकला." तेव्हापासून वीस वर्षे जुने खेळाडू, सहकारी, कट्ट्यावरची मंडळी सरांना विचारत आली, "सर, हातातला कप घालवून झोन का लावला हो?" सर हसतात आणि "चुकलं राव" म्हणतात. अशा वेळी मी अनेकदा शेजारीच होतो. मीही हसलो आहे.

ताईचे लग्न त्याच उन्हाळ्यात झाले. हळदीला तिचे सासरे माझ्या वडिलांना म्हणाले, "तुमचं पोरगं लई मवाळ खेळतं. आमी कबड्डीतली माणसं, दाबून खेळला असता तरी काय वाटलं नसतं." वडील हसले. मी ताट तसेच ठेवून उठलो.

हा लेख लिहायच्या आधी मी घोडेगावला सरांकडे गेलो आणि म्हटले, "सर, आता खरं लिहितो." सरांनी लगेच विचारले, "ताईला विचारलंस का? तिच्या सासरचं नाव येईल त्यात." इतक्या वर्षांनी आपल्यावरचा आळ पुसला जात असताना त्यांना पहिली आठवण माझ्या बहिणीची झाली.

मी ताईला फोन केला. सगळे ऐकून ती आधी म्हणाली, "लिही." मग म्हणाली, "माझ्यासाठी सरांनी वीस वर्सं बोलणी खाल्ली, आन तू नुसता ऐकत बसलास व्हय?"

तिच्या प्रश्नाचे उत्तर इथे, सर्वांसमोर देतो. सरांचा अंदाज त्या दिवशी चुकला नव्हता. चुकलो मी होतो, आणि त्याहून मोठी चूक म्हणजे नंतर गप्प बसलो. याबद्दल सरांची आणि माझ्या संघातल्या सोबत्यांची मी क्षमा मागतो.

सरांचे गुडघे-कंबर धड राहोत, त्यांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो आणि आमच्या झोनला नावे ठेवायला त्यांनी अजून चाळीस हंगाम यावे, ही मनापासून प्रार्थना. कपाचा तो प्रश्न मात्र यापुढे कोणी त्यांना विचारू नये. मला विचारावा.