खाडीची विचारपूस

ठाण्याला खोपटच्या एस.टी. डेपोत उतरले तेव्हा माझ्या एका खांद्यावर कपड्यांची पिशवी होती आणि दुसऱ्यावर प्रश्नावल्यांचा गठ्ठा. मी सांगलीच्या अध्यापक विद्यालयात मराठी शिकवते. आमच्या सरांनी मुंबईच्या कुणा प्राध्यापकांबरोबर एक संशोधन हाती घेतलं होतं. त्याचं नाव होतं 'सामाजिक न्याय, मानसिक आरोग्य, पर्यावरण आणि भाषाशिक्षण : एक एकत्रित अभ्यास'. ते ऐकून आईने विचारलं होतं, "यातलं तुला काय येतं?" प्रश्न रास्त होता. मला मराठी येतं, म्हणून खाडीकाठच्या कोळीवाड्यात जाऊन बायकांना प्रश्न विचारायचं काम माझ्या गळ्यात पडलं. अठ्ठ्याऐंशी सालचा मे महिना होता आणि सुट्टीत मामाकडे आंबे खायचा माझा बेत होता.

शीळफाट्यावरून डोंबिवलीकडे जाणारी बस मिळाली. रस्त्यात वीटभट्ट्या, मग डोंगर, मग धूर सोडणाऱ्या चिमण्या. कंडक्टरला कोळीवाड्याचा रस्ता विचारला, तर तो म्हणाला, "शेवटच्या स्टॉपला उतरा नि नाक नेईल तिकडे चला, मॅडम." सुक्या मासळीचा वास येईल अशा समजुतीने मी चालू लागले. त्याआधी दुसराच वास आला, रॉकेलसारखा, घशाला चिकटून बसणारा. वळणावर तिवरांची हिरवी झाडं दिसली आणि त्यांच्या पायाशी खाडी. ओहोटी होती. पाण्यावर साबणासारखा फेस होता, पण तिथे कुणी धुणं धूत नव्हतं.

मच्छीमार सोसायटीचे चेअरमन बाळारामशेठ माझी वाटच बघत होते. चहा येण्याआधीच त्यांनी विषयाला हात घातला. "बाई, येत्या आठवड्यात ठाण्याला कलेक्टर कचेरीत साहेबापुढं आमची सुनावनी हाय. कारखान्यांचा पानी खाडीत सुटतो, मच्छी संपली. साहेब बोलला, मानसांवर कं परिनाम होतो त्याचा अहवाल आना, मग बघू. आता तुमी आमचा अहवाल." पाहुणी म्हणून आलेली मी बसल्या जागी अख्ख्या गावाचा पुरावा झाले. तो चहा मला काही गोड लागला नाही.

माझी उतरायची सोय चांगुणाआयकडे केली होती. साठीची, ठेंगणी, नाकात नथ, आणि आवाज असा की तिने दारात मला "ये गो बाय, बस" म्हटलं ते पलीकडच्या काठालाही कळलं असावं. तिने तांदळाची भाकरी आणि बांगड्याचं कालवण वाढलं. मी मोठ्या उत्साहाने निवट्या (खाडीच्या चिखलात उड्या मारणारे मासे) खायला मागितल्या, कारण कोळीवाड्यात जाऊन निवट्या खाव्यात असं मला कुणीतरी सांगितलं होतं.

"आज नाय गावल्या," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशीही गावल्या नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाहीत. बांगडे मात्र बर्फातून, मुंबईच्या धक्क्यावरून यायचे. कोळणीच्या घरात विकतचा मासा, आणि त्याबद्दल चकार शब्द नाही!

मनाचं दुखणं मोजणारी ती प्रश्नावली परदेशातून आली होती आणि सरांनी तिचं मराठी केलं होतं. ते मराठी ऐकून बायका आधी एकमेकींकडे आणि मग माझ्याकडे बघत. "आपला आवाज वारंवार चढतो काय?" या प्रश्नावर चांगुणाआय म्हणाली, "उतरतो कवा, ते विचार." "समोर नसलेल्या व्यक्तीशी आपण बोलता काय?" यावर शेजारची हिराबाई फिस्सकन हसली. "बोलते ना. घोव (नवरा) बाजारात गेला की शिव्या घालते. समोर असला की ऐकत नाय मेला." गुण मोजून पाहिले तर त्या परदेशी मापाने सगळा कोळीवाडा इस्पितळात भरती करायला हवा होता.

सरांनी स्वतः जोडलेला शेवटचा प्रश्न मात्र कामाचा होता. "खाडीच्या सद्यस्थितीमुळे आपणांस त्रास होतो काय?" तिथे हसणं थांबे. पदर सारखा होई, नजर चुलीकडे जाई आणि उत्तर येई, "नाय."

मी साध्या बोलीत विचारलं, आडून विचारलं, एकेकीला बाजूला घेऊन विचारलं. मराठीची बाई म्हणून जे जे शिकवते ते सगळं करून पाहिलं. सगळ्या घरांतून तेच, "नाय." बाळारामशेठनी डोक्याला हात लावला. "अवो बाई, हे वाचून साहेब बोलंल, खाडी झ्याक हाय, जा घरी! तुमच्या कागदानी आमचा घात केला." मला रडू यायचंच बाकी होतं.

सुनावणीच्या आदल्या दिवशी गावात हळद होती. कुणीही आमंत्रणाची वाट बघत नव्हतं, मीही बघितली नाही. नवरीच्या अंघोळीची पहिली कळशी खाडीवरून आणायची इथली रीत. बायका वाजतगाजत निघाल्या. बेंजोवाला सिनेमातली गाणी बडवत होता, आणि मीही दोन पावलं नाचून घेतली. काठावर मात्र बेंजो थांबला. चांगुणाआयने रिकाम्या कळशीचा तळ पाण्याला नुसता टेकवला, लगेच पदराने पुसून घेतला, आणि सगळ्या जणी मागे वळून गावातल्या नळावर कळशी भरायला निघाल्या. ती एकटी मागे राहिली. "रागवू नको गो आये," ती पाण्याला हळू म्हणाली, आणि तिचा हळू आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. "पोरीच्या आंगावर फोर (फोड) येतील, म्हनून नाय नेत. तू परून र्‍हा."

आजारी आईची तक्रार परक्या बाईपुढे कोण करील? पण आईच्या आजाराची चौकशी केली, तर कोण बोलणार नाही? आपल्याकडे आजाऱ्याच्या घरी गेल्यावर जसं विचारतात तसंच माझ्या तोंडून गेलं, "कधीपासून बरं नाही त्यांना?"

चांगुणाआयने माझ्याकडे बघितलं आणि बांधावर बसकण मारली. "लय वर्सं झाली गो बाय."

मग बाकीच्या बायकाही परत आल्या. नवरी तिकडे हळद लावून खोळंबली आणि इकडे मी पिशवीतून कोरी प्रश्नावली काढून पहिल्यापासून विचारू लागले.

"झोप लागते का त्यांना?"

"कुठची झोप! अंधार परला की कारखान्यावाले आंगावर नल सोरतात."

"खाल्लेलं पचतं?"

"भरतीला घेतलेला वहटीला ओकते. तो फेस बघ."

"रंग?"

"रोजचा येगला. काल तांबरी व्हती, आज निली."

"विसरायला होतं का?"

यावर हिराबाई म्हणाली, "कोलंबी कुठं ठेवलीन, तेच विसरली," आणि हसता हसता तिने डोळ्यांना पदर लावला. मीही लावला. उत्तर देणाऱ्या बाईचं पेशंटशी नातं कागदावर लिहायचं होतं. सगळ्यांनी एकच सांगितलं, "लेक."

मी सरांना फोन केला. ते म्हणाले, "खाडी हा नमुना होऊ शकत नाही." त्यांचं शास्त्र बरोबर असेल. तरी मी दुसऱ्या दिवशी शेठ आणि चांगुणाआयबरोबर ठाण्याला गेले.

साहेब वरच्या मजल्यावर बसत. आमच्याआधी पाचपन्नास गाऱ्हाणी ऐकून ते कंटाळले होते. मी उभी राहून वाचू लागले. झोप नाही, अन्न पोटात ठरत नाही, अंगाचा रंग पालटतो, जवळ जाईल त्याच्या अंगावर फोड येतात, जुनं आठवत नाही. बाळारामशेठ डोळे मिटून देवाचं नाव घेत होते. साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"अहो, कोण आहे ही बाई? इतकी आजारी असताना घरात काय ठेवलीत? कुणाला दाखवलं नाहीत?"

"दाखवायलाच आलोय, सायेब," चांगुणाआय तिच्या नेहमीच्या आवाजात म्हणाली. "ती काय, तुमच्या खिरकीतून दिसते."

साहेबांनी मान वळवली. घरांच्या पलीकडे खाडीची पट्टी दिसत होती. ते उठून खिडकीपाशी गेले. मग म्हणाले, "ओहोटीच्या वेळी मी स्वतः येतो." बाहेर आल्यावर मी शेठना विचारलं, साहेब खरंच येतील का. ते म्हणाले, "येतील ना. आजाऱ्याला बघाला कोन नाय येत?" मला तेवढा भरवसा नव्हता, पण त्यांचा मोडवेना.

परतीच्या एस.टी.त झोप काही लागली नाही. परीक्षेत दर वर्षी मी 'नदीचे आत्मवृत्त' हा निबंध घालते. पोरं घोकलेलं लिहितात, 'मी सर्वांना जीवन देते', आणि मी अक्षर बघून गुण देते. त्या सगळ्या नद्या नुसत्या बोलतात. तुम्ही कशा आहात, असं त्यांना आमच्या वर्गात आजवर कुणी विचारलेलं नाही.

गाडी सांगलीच्या आयर्विन पुलावर आली. खाली मे महिन्यातली कृष्णा होती. मी खिडकीतून वाकून विचारलं, "बरं आहे ना?"

"गुडघा सोडला तर झकास, बाई," मागून कंडक्टर म्हणाला.

मला हसू आलं. पण नाला मिळतो तिथे पाण्याचा रंग उतरलेला दिसत होता, आणि जन्मभर या पुलावरून येऊन-जाऊन मी तो कधी बघितला नव्हता. मी तशीच उठले, पिशव्या घेतल्या, पूल ओलांडताच गाडीतून उतरले आणि घरी जायच्या आधी घाटाकडे चालू लागले.